डाळिंबी रेघ

“काका, अजून एकदा किक मारा ना!” नेत्रा म्हणाली.

अवनीच्या बाबांनी, कांबळेकाकांनी, हौसेनं पुन्हा किक मारली. जुनी यामाहा आरएक्स १०० फटफटत जागी झाली. काका खूश, अवनी खूश, दुकानदार राजेशभैया तर खूशच खूश! नेत्राचं तोंड मात्र एवढंसं झालं. आवाज जोरदार होता, पण ओळखीचा नव्हता.

आणि तिला नाही कळणार तर कुणाला? गाडी तिच्याच बाबांची होती. सुभेदार जयसिंग भोसल्यांबरोबर ती साताऱ्याहून निघाली आणि कुठल्या कुठल्या छावण्या फिरून लखनौला पोचली. जपानी सुटे भाग जोडून बनवलेल्या पहिल्या गाड्यांपैकी ती एक, त्यामुळे शौकीन तिच्या इंजिनावर जीव टाकत. पण कवायतीत बाबांचा गुडघा गेला आणि किक मारणं बंद झालं.

“मी अठरा वर्षांची होईपर्यंत ठेवा ना, बाबा!” नेत्रानं विनवलं होतं.

“पाच वर्षं? अगं, गाडी आहे ती, लोणचं नव्हे! उभी गाडी गंजते.”

म्हणून बाबांनी ती तेलीबागेतल्या राजेशभैयांच्या दुकानात विकायला ठेवली. आणि योगायोग असा, की गिऱ्हाईक निघाले नेत्राच्याच मैत्रिणीचे बाबा! मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहणारे कांबळेकाका तरुणपणापासून अशी गाडी शोधत होते. सुट्टी होतीच, तेव्हा नेत्रा आणि तिचा धाकटा भाऊ राजस गाडीचा निरोप घ्यायला आले होते.

नेत्रा खाली वाकली. बाबांची एक फौजी सवय होती. बोल्ट आवळला की त्यावर रंगाची एक रेघ ओढायची, इंजिनापासून बोल्टावरून थेट गाडीच्या सांगाड्यापर्यंत. रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट हलला म्हणून समजायचं. रंगाऐवजी आईचं डाळिंबी नेलपॉलिश वापरायचं डोकं नेत्राचं, आणि रेघा ओढायचा मानही तिचाच.

आता सांगाड्यावर रेघा होत्या. इंजिन मात्र कोरं करकरीत!

“अवनी, इंजिन बदललंय!” ती कुजबुजली.

“काहीपण हं! तुला गाडी विकूच द्यायची नाहीये, म्हणून बोलतेयस ना?”

नेत्राला ते चांगलंच झोंबलं. झोंबलं, कारण निम्मं खरं होतं. लबाडी सिद्ध झाली तर बाबा गाडी घरी आणतील, ही आशा तिच्या मनात केव्हाच पालवली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून राजसची हाक आली. जुना निसान ट्रक आणि इटुकली सुझुकी गाडी यांच्या मागे एक काळी आरएक्स १०० उभी होती. वर पाटी, ‘पूर्ण जपानी! फक्त शौकिनांसाठी!’ राजस तिच्याखाली पालथा पडला होता.

“ताई, इधर आ! तेरी नेलपॉलिश!”

दोघी धावल्या. काळ्या गाडीच्या इंजिनावर डाळिंबी रेघा होत्या आणि सांगाड्याशी येऊन तुटल्या होत्या. अवनीचे डोळे विस्फारले. “सॉरी यार! आता काय करायचं?”

“आता भैयांना हीरो करायचं,” नेत्रा म्हणाली.

राजसनं मोबाइल रोखला. “भैया, व्हिडिओ बना रहा हूँ. दोनों गाड़ियों के बारे में बोलिए ना!”

कॅमेरा दिसताच राजेशभैयांनी केसांवरून हात फिरवला. “देखिए, सुभेदार साहब वाली का एक बोल्ट तक नहीं खुला! और ये काली वाली? सीधे जापान से आई है, पूरी की पूरी!”

“भैया,” नेत्रानं गोड आवाजात विचारलं, “जापान में मेरी आई की नेलपॉलिश मिलती है क्या?”

“कौन सी नेलपॉलिश? अरे, वो तो पूजा का सिंदूर है! तुम्हारी मम्मी ने दशहरे पर लगाया होगा. हैंडल पर भी तो लगा था! भगवान की चीज़ है, बेटा, इसलिए मैंने पोंछा नहीं.”

अवनी पटकन पुढे झाली.

“पण काळी गाडी तर जपानहून आली ना?” अवनीनं विचारलं. “मग तिच्यावर नेत्राच्या आईनं कधी लावलं?”

राजेशभैयांचं पितळ उघडं पडलं! बिचाऱ्यांनी कुणाला घाबरायचं, तर देवाला. आणि तेवढ्यानंच घात केला.

नेत्रानं बाबांना फोन लावला. ते लंगडत लंगडत रिक्षातून उतरले आणि दोन्ही गाड्यांवरच्या रेघा त्यांनी वाकून पाहिल्या. “चूक माझीही आहे,” ते म्हणाले. “गाडी सोपवली आणि पुन्हा ढुंकून पाहिलं नाही.”

“आणि मी स्वतःला इंजिनिअर म्हणवतो!” कांबळेकाका ओशाळले. “नुसत्या आवाजावर भुललो.”

“राजेशभैया, मेरा इंजन वापस लगाइए. अभी, मेरे सामने!” बाबा कडाडले. “मग ही गाडी घरी जाईल. इथे एक मिनिटही ठेवायची नाही.”

घरी! नेत्राचं काळीज उड्याच मारायला लागलं.

इंजिन पुन्हा बसलं. इंजिनावरची रेघ सांगाड्यावरच्या रेघेला नेमकी भिडली. काकांनी किक मारली आणि तो आवाज आला, नेत्राचा, ओळखीचा! काका डोळे मिटून ऐकत राहिले.

“सुभेदारसाहेब,” ते हळूच म्हणाले, “आता तर मला हीच हवी. हिचा बोल्टन्‌बोल्ट खरा आहे, ते या पोरीनं दाखवून दिलं.”

बाबांनी नेत्राकडे पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

“थेट तुम्हालाच देतो,” ते म्हणाले. “तुम्ही चालवाल तरी.”

करायला गेले गणपती अन् झाला मारुती! गाडी अडवायला निघालेल्या नेत्रानंच तिची पारख करून दिली होती. “शाब्बास! काय नजर आहे पोरीची!” काका म्हणाले. बाबांनी पाठ थोपटली. एरवी या शाबासकीनं ती आठवडाभर हवेत असती. आज तिला रडू आवरेना.

संध्याकाळी गाडी निरोपाला घरी आली. आईनं हँडलला कुंकू लावलं. बोल्ट फिरल्यामुळे त्यांच्यावरच्या रेघा वाकड्या झाल्या होत्या. काकांच्या सांगण्यावरून नेत्रानं एकेक रेघ नव्यानं ओढली. मग नेलपॉलिशची बाटली तिनं अवनीच्या हातात ठेवली.

“तुटलेली दिसली तर फोन कर.”

“रोज बघीन. प्रॉमिस!”

काकांनी किक मारली, अवनी मागे बसली आणि गाडी वळणाआड गेली. बापलेक फाटकाशी उभे राहिले.

“अजून ऐकू येतोय का गं?” बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं.

“हो,” नेत्रा म्हणाली.

आवाज केव्हाच रायबरेली रोडच्या गर्दीत बुडाला होता. बाबांनाही ते ठाऊक होतं. तरी दोघं तिथेच उभे राहिले.