वाकड्या डोळ्यांचं भूत

गावच्या सभागृहाचं दार उघडलं तर समोर भूत... ओलंचिंब. पांढरी चादर अंगाला चिकटलेली आणि चादरीखाली चिखलानं माखलेले बूट.

"पार्टी इथंच ना?"

"इथंच. पण तासाभरानं. काल रात्री हिवाळ्यासाठी घड्याळ तासभर मागे करायचं विसरलात वाटतं, डॉक्टर?"

चादर खाली आली. आमच्या गावचा गुरांचा डॉक्टर, डोनल. गेले तीन महिने माझ्या दुकानात येऊन 'पाव किलो चीज... पाऊस काही थांबत नाही बुवा' एवढंच बोलून जाणारा. आणि मी वेडी, त्या एका वाक्यावर दिवस काढणारी.

"मग येतो नंतर," तो वळला.

"नको—" मी पटकन म्हणाले. जरा जास्तच पटकन. "ब्रीडमावशीची कंबर धरलीय, दरवर्षी रांधते तीच. हॅलोविनला सगळं गाव येणार आणि खायला अजून काहीच नाही. हात धुवा."

सभागृहाच्या स्वयंपाकघरात मी त्याच्यापुढे सॉसेज आणि पिठाच्या लांब पट्ट्या ठेवल्या. "यांच्या इजिप्तसारख्या ममी करायच्या, पट्ट्या गुंडाळून. जमेल?"

"रोज मेंढ्यांचे पाय बांधतो मी."

आणि काय सुरेख गुंडाळत होता. डोळ्यांपुरती फट ठेवून, टोक आत खोचून... मी त्याच्या बोटांकडेच बघत राहिले.

"ईमर... बटाटे करपतायत."

"कळतंय मला."

"मग इकडे काय बघतेस?"

"तू पट्टी सैल बांधतोयस का ते."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कोण जाणे. बटाटे कुस्करले, त्यात कोबी आणि भरपूर लोणी घातलं, कापडी पिशवीतून पिळून छोटी छोटी भुतं उभी केली. डोळ्यांना मिरीचे दाणे.

"आणि अंगठी?" त्यानं विचारलं.

मी मावशीची पितळी अंगठी दिली. दर हॅलोविनला ती बटाट्यात दडवायची. जिच्या नाहीतर ज्याच्या घासात येईल, त्याचं वर्षाच्या आत लग्न. गेल्या वर्षी पोस्टमनला मिळाली, उन्हाळ्यात बार उडाला त्याचा.

"मी लपवतो. तू तिकडे तोंड कर."

केलं. पण खिडकीच्या काचेत सगळं दिसत होतं. त्यानं एका भुतात अंगठी दाबली आणि त्या भुताचा एक डोळा मुद्दाम खाली लावला. म्हणजे खूण केली.

कुणासाठी? शाळेतली शिक्षिका रोशीन... तिच्या कुत्र्याला तपासायला हा आठवड्यातून दोनदा जातो. तो ममींचं ताट बाहेर न्यायला गेला आणि मी काट्यानं अंगठी काढून एप्रनच्या खिशात टाकली. भूत पुन्हा गुळगुळीत केलं.

सभागृह भरलं. डोनल बशी घेऊन निघाला. रोशीन समोरच उभी होती. तो तिच्यासमोरून पुढे गेला... आणि माझ्यापाशी थांबला. बशीत एकच भूत, वाकड्या डोळ्यांचं.

"खा ना."

मी खाल्लं.

"हळू चाव." त्याचा चेहरा उतरत गेला. "काहीच नाही लागलं? ईमर, गिळलीस की काय?"

"काय गिळलं?"

"अंगठी. तुझ्यासाठीच ठेवली होती." कान लाल झाले त्याचे. "तीन महिने चीज नेतोय तुझ्याकडून. मला चीज आवडतसुद्धा नाही."

मला हसू आवरेना, रडूही. "आणि रोशीनचा कुत्रा?"

"त्याला खरूज आहे."

मी खिशात हात घातला. बटाटा लागलेली अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली. "मीच काढली. मला वाटलं, तिच्यासाठी..."

त्यानं ती चादरीला पुसली आणि माझ्या बोटात घातली. सगळ्या बोटांना ढिली. शेवटी अंगठ्यात बसली.

"वर्षाची मुदत आहे," मी म्हणाले.

"उद्यापासून लागतो कामाला. दुकान उघडताच येतो."

"चीज न घेता?"

"चीज न घेता."

सकाळी गेले तर तो दुकानाच्या पायरीवर भिजत बसलेला. तासभर आधीच आला होता.

घड्याळ त्यानं अजून मागे केलंच नव्हतं. मीही त्याला आठवण करून दिली नाही.