मैदानातली पंगत

कंदील जवळ घ्या, मले जोरानं बोलवत नाई आता. इंग्रजाचं राज होतं. गोंदियाच्या ठेसनात माहा नवरा केवलराम जाहिराती चिपकवे. दुपारी मी त्याचं जेवण अन् घरी शिजवलेली खळ घेऊन जावो.

पितरायचे दिवस होते. सासऱ्याच्या नावाचा भात छपरावर ठेवला, पण कावळा शिवला नाई. खळीले तांदूळ नोता, तं केवलरामनं तोच भात उतरवून घोटला. "वाया कायले घालवाचा?" म्हणे.

ठेसनातल्याच उमराव पेंटरनं काढलेली जाहिरात त्या खळीनं भिंतीले चिपकवली. जुन्या लढाईच्या मैदानात सरकारनं बाग केली, ते पाहाले लोकायनं रेल्वेनं जावं म्हणून. चित्रात हिरवं गवत, एक तोफ. माणूस एकबी नाई.

दुसऱ्या दिवशी पाह्यलं, तं गवतावर पागोटेवाले मांडी घालून रांगेनं बसले. मागं मी मस्करीत उमरावच्या चहात मीठ टाकलं होतं, वाटलं त्यानं त्याचंच उट्टं काढलं.

"काऊन गा उमराव, माणसं कवा काढले?"

त्यानं चित्रावर बोट फिरवून पाह्यलं. "म्या नाई काढले, बाई..."

"मंग हे पंगत कोणाची?"

भिंतीतून गरम भाताचा वास येऊन राहिला होता...

तवापासून केवलराम ताटभर जेवे अन् भुकेलाच उठे. वाढून वाढून माहे हात गळाले, त्याचे हाडं दिसाले लागले. तिकडं चित्रात पंगत लांबतच होती. मंग मले उमगलं. पितराचा घास भिंतीले चोपडला, त्या वासानं मैदानातले उपाशी मेलेले आले. आता ते माह्या माणसाच्या ताटातलं खाऊन राहिले होते.

हंडाभर भात रांधला. फलाट सुना होता. चित्राखाली पळसाच्या पत्रावळी मांडल्या, वाढलं, अन् पाठ करून बसली.

"जेवा बाप्पा... अन् त्याले सोडा."

मांगून चावल्याचा आवाज आला. हळूहळू... लय वेळ. मी वळली तं पत्रावळी साफ. चित्रात नुसतं गवत अन् तोफ.

घरी येऊन ताट वाढलं. केवलरामनं सरकवलं.

"भूक नाई वं. जेवून आलो."

"कोठं?"

तो हासला. त्याच्या बोटाले बारुदीचा वास होता.

मंग जन्मभर त्यानं घरी घास घेतला नाई. अन् अंग कसं भरलं म्हणता, सदरे उसवले. विचारून विचारून मी थकली, बाप्पा... त्याले वाढे तरी कोण?