बरचीचा दुसरा घाव

शेंदूरजनाघाटच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून शेखरची संत्र्याची बाग. यंदा फळ रंग धरू लागलं आणि अस्वलं खाली उतरू लागली. गावातली दोन माणसं त्यांनी फाडली. वनखात्याचा पिंजरा रिकामाच राहिला.

शेखर परतवाड्याला वाहेद लोहाराकडे गेला. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक जुनी बरची टेकलेली होती, वाहेदच्या आजोबांनी घडवलेली. वाहेद ती देईना.

"हे फेकली का जनावर मरते," तो म्हणाला. "पन त्याच घडीले कुठीतरी मानूस बी मरते. त्याच घावानं."

शेखर शेतकी कॉलेजात शिकलेला. तो हसला आणि हट्टानं बरची घेऊन आला.

एका दुपारी अस्वल त्याच्यावर धावून आलं. त्यानं नेमही धरला नव्हता, तरी बरची छातीत डावीकडे रुतली. संध्याकाळी मोबाइलवर बातमी दिसली. बडनेरा स्टेशनच्या बाकावर बसलेला एक माणूस दुपारी कोसळला होता. छातीत डावीकडे खोल घाव. त्याच्याजवळ कोणी गेलेलं कोणालाच दिसलं नव्हतं.

त्यानं बायकोला, गीतांजलीला, सगळं सांगितलं. योगायोग असेल, ती म्हणाली.

मग दुसरं अस्वल आलं. गीतांजली झाडाखाली गळालेली संत्री वेचत होती. ओल्या केसाळ अंगाचा उग्र वास आधी आला.

शेखरनं बरची उचलली. हातातून सुटेना. या घडीला कोणी चहा पीत असेल. कोणी लेकीला शाळेतून आणत असेल.

गीतांजलीनं हाक मारली नाही. नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं फेकली.

अस्वलाच्या मानेत लागली.

या खेपेची बातमी अकोल्याची होती. बाजारात फुलं विकणारी बाई. शेखरनं नाव वाचलं नाही. मोबाइल गीतांजलीच्या हातात दिला.

सकाळी त्यानं बरची विहिरीत टाकली आणि वाहेदला सांगायला गेला. वाहेदनं भात्यावरचा हात थांबवला नाही.

"आमच्या अब्बानं बी टाकली होती," तो म्हणाला. "काढनारे घरचेच होते."

शेखर परतला तेव्हा अंगणातून शेजारच्या बाया निघून जात होत्या. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"गळ टाकून काढली," गीतांजली म्हणाली. "आता ज्याच्या बागेत अस्वल येईन, त्यानं न्याची. समद्यायले सांगतलं."

"अन् तिकडं मरते त्याचं?"

"तो आपल्याले कुठी दिसते?"

बरची तुळशीपाशी उभी होती. ओल्या पात्यावर वाहिलेलं कुंकू हळूहळू खाली ओघळत होतं.