विचारल्याशिवाय अपडेट करू नये

"प्रल्हादकाका आहेत?"

दारात एक भिजलेला तरुण उभा होता. हातात सोनचाफ्याचं कलम.

"बाबांना जाऊन दोन महिने झाले," मी म्हटलं.

त्यानं कलम हळूच ओटीवर ठेवलं. "मी अल्पेश, उमेळ्याचा. कलम बांधायला काकांनीच शिकवलं. हे पहिलंच जगलं, म्हणून दाखवायला... मला कळलंच नाही हो."

मी त्याला आत बसवून पाणी आणलं, तोवर त्याचं लक्ष बाबांच्या कॉम्प्युटरकडे गेलं होतं. सकाळपासून पडद्यावर एकच सूचना : आवश्यक घटक जुना आहे, आधी अपडेट करा.

"ऑफिसचा प्रोग्रॅम बसवायचाय," मी सांगितलं. "आज बसला तर इथून, निर्मळमधूनच काम करता येईल. नाहीतर सोमवारी पुण्याला हजर."

"मग करा की अपडेट!"

मी मॉनिटरवरची चिठ्ठी दाखवली. बाबांचं अक्षर : 'मला विचारल्याशिवाय अपडेट करू नये.'

त्यानं ती दोनदा वाचली. हसला नाही. बहुतेक तेव्हाच तो मला आवडला.

"मग विचारू या," म्हणत तो बाबांच्या फोटोपुढे उभा राहिला. "काका, तुमची मुलगी इथेच राहायचं म्हणतेय. एवढं एक करू?"

किती दिवसांनी मला हसू आलं... डोळेही भरले. "हो म्हणाले," मी म्हटलं.

घरातलं नेट बंद होतं. त्याच्या फोनला रेंज होती, पण फक्त खिडकीत, तीही हात उंच धरला तरच.

"हलू नका!"

"नाक खाजतंय."

"खाजू दे. चाळीस टक्के झालंय."

"चहा तरी?"

मी बशी त्याच्या ओठांशी धरली. पागोळ्यांचे तुषार त्याच्या बाहीवर, माझ्या मनगटावर... त्यानं वर पाहिलं. पुढचे आकडे कुणीच वाचले नाहीत.

अपडेट झालं. प्रोग्रॅमही बसला, उघडला.

"झालं! घ्या हात खाली."

तो तसाच उभा.

"अहो, झालं म्हणते ना?"

"ऐकलं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण हात खाली घेतला, की निघावं लागेल..."

"मी पुण्याला चालले नाहीये," मी म्हटलं. "तुम्हीही इतक्यात जाऊ नका."

त्याचा आखडलेला हात मी दोन्ही हातांनी धरून खाली आणला – आणि सोडला नाही.