डावी बाही

माझ्यावर छत्री धरणाऱ्या माणसाला मी पहिलं वाक्य म्हणाले ते असं — "लांब व्हा!"

मी भर पावसात टपालखोलीतून आमच्या इमारतीकडे निघाले होते. छातीशी प्लॅस्टिकात गुंडाळलेलं खोकं, खोक्यात कुठल्याशा उत्खननातलं हाड. मागून छत्री आली, तिच्याखालून एक हसरा चेहरा आला, आणि मग गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. जीवरसायन विभाग. झालं! मी टुणकन बाजूला उडी मारली.

"अहो, मी चावत नाही."

"चावलात तरी चालेल, पण शिवू नका."

आता समजावून सांगणं भाग होतं, नाहीतर वेडी ठरले असते. मी कार्बनवरून जुन्या वस्तूंचं वय काढते. जिवंत झाडामाणसांत थोडासा किरणोत्सारी कार्बन असतो, मेल्यावर तो हळूहळू सरत जातो. किती उरलाय ते मोजलं की वय कळतं. आणि या गृहस्थांचा विभाग नेमका तोच कार्बन विकत आणून पेशींना भरपूर खायला घालतो. त्यातला एखादा कण बाहीला लागला तर माणसाला काही होत नाही. पण तोच कण आमच्या लॅबमध्ये आला, तर हजारो वर्षांचं हाड कालपरवाचं ठरतं. म्हणून तिकडच्या माणसांनी आमच्या दाराची मूठसुद्धा धरायची नाही, असा नियम.

"म्हणजे छत्रीखालीही—"

"छत्रीची मूठ तर तुम्हीच धरलीय."

त्याने छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि छत्री मिटली. मग मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून आम्ही दोघंही चिंब भिजत चालत गेलो. मला तो तिथेच आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

मग दोन इमारतींमधल्या अंगणातला बाक आमचा झाला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. ज्याचा कप त्याने आणायचा.

"कोळसेबाई, आज काय जाळलंत?" तो विचारायचा. आमच्याकडे हाड असो वा लाकूड, जाळून त्याची शेवटी काळी भुकटीच होते, म्हणून हे नाव.

"एक जुना वासा."

"माझं वय काढाल?"

"जिवंत माणसाचं निघत नाही. आधी मरावं लागतं."

"मेलोच आहे की... त्या पावसात."

मी चहा सांडला. त्याने रुमाल पुढे केला, आणि आठवण होऊन पुन्हा खिशात घातला. त्याचा तो अर्ध्यावर थांबलेला हात मला दिवसभर दिसत राहिला.

आईला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढी हातभर लांबूनच प्रीत करायची, तर मग माझ्याकडे आलेली स्थळं काय वाईट होती?"

आणि त्याच आठवड्यात कोळशाने घात केला.

यंत्र ठीक चाललंय ना, हे बघायला आम्ही दर वेळी दगडी कोळशाचा तुकडा मोजतो. तो इतका जुना, की त्यात मोजण्यासारखं काही उरलेलंच नसतं. कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात. आमचा कोळसा मात्र चक्क तरुण निघाला. कुठूनतरी नवा कार्बन आत शिरत होता.

आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी काम थांबवलं. मला खोलीत बोलावलं. त्यांची खिडकी अंगणात उघडते.

"बाकावर बसतेस, तो जीवरसायनवाला ना? त्याला हात लावलायस?"

"नाही."

"खरंच?"

"नाही हो मॅडम, तीच तर रड आहे!"

त्यांना हसू आलं असावं, पण ते त्यांनी गिळलं. "दुरून डोंगर साजरे असतात, तेच बरं. त्याची तपासणी करून घे. तो स्वच्छ निघाला तर तुमचं तुम्ही बघा. नाही निघाला, तर तो बाक तरी सोड, नाहीतर ही लॅब."

लॅब मी सोडणार नव्हते. आणि तो सुटला तर माझं काय होईल, हे त्या क्षणी मला अगदी स्पष्ट कळलं.

तपासणी म्हणजे गोल कागदाने पुसायचं आणि तो कागद किरणोत्सार मोजायला सुरक्षा विभागाकडे पाठवायचा. बाकावर मी हातमोजे घालून त्याचे बूट पुसले, दप्तर पुसलं, छत्रीची मूठ पुसली, निळ्या शर्टाच्या बाह्या पुसल्या. शेवटी त्याने तळहात पुढे केला. कागदाआडून, मोज्याआडून मी तो पहिल्यांदा धरला. गरम होता. पुसून झालं तरी आम्ही दोघंही... तसेच बसलो.

"अजून काही डाग आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"खात्री करतेय."

पुढच्या आठवड्यात निकाल आला. आमची लॅबही अशीच पुसून तपासली होती, ती पूर्ण स्वच्छ होती. तरुण कोळशाची गुन्हेगार निघाली यंत्राच्या झडपेतली चिरलेली रबराची रिंग, तिच्यातून हवा आत येत होती. पण त्याचे कागद? बूट स्वच्छ, दप्तर स्वच्छ, मूठ स्वच्छ, हात स्वच्छ. डावी बाही — चांगलीच दूषित.

लपवता आलं असतं. तसाच कागद मॅडमसमोर ठेवला.

"आता?" त्या म्हणाल्या.

"शर्ट जाईल. माणूस जाणार नाही. लॅबही मी सोडणार नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि उद्या दुसरा शर्ट?"

"तिकडून निघताना आंघोळ करून, कपडे बदलूनच येईल. दर महिन्याला मी तपासेन."

"तपासशील गं," त्या म्हणाल्या. "त्यात तुझा हात कोण धरणार!"

मी खाली आले तेव्हा पाऊस होता. तो मिटलेली छत्री घेऊन बाकाच्या आपल्या टोकाला भिजत उभा होता.

"निकाल?"

"तो निळा शर्ट टाकून दे." पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं.

"आणि मी?"

"तू मला हवा आहेस."

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. मग छत्रीकडे पाहून म्हणाला, "आणि मूठ?"

"स्वच्छ आहे."

"म्हणजे पहिल्या दिवशी आपण उगाच भिजलो?"

"उगाच नाही," मी म्हणाले, आणि त्याने छत्री उघडल्यावर हातमोजे न घालता त्याच्या हातावरूनच मूठ धरली.