झिपरीला आधी पाणी

एक कोडं सोडवा. एक लांबलचक पाट आहे आणि त्याच्या काठावर ओळीनं चार नगरं आहेत. पाटाच्या तोंडाशी वीस घरांची ऐटबाज राजधानी, मध्ये आठ आणि सहा घरांची दोन नगरं, आणि अगदी शेवटी तीन घरांचं एक चिमुकलं नगर. पाटाला येणारं पाणी सगळ्यांना पुरेल इतकं नाही. मग पाणी आधी कोणाला द्यायचं?

‘राजधानीला!’ असं तुम्ही म्हणाला असाल, तर लाजू नका. शेवगेनेरच्या शलाका देसलेनंही सरावात सलग तीन वेळा हेच केलं होतं आणि तिन्ही वेळा ती दणकून हरली होती.

ही गोष्ट सन २०७१ मधली. शेवगेनेर हे धुळे जिल्ह्यात, पांझरा नदीच्या काठी वसलेलं गाव. तिथल्या शाळेत एक यंत्रमानव होता. रंगानं तपकिरी आणि अंगावर सुरकुत्यांसारख्या रेघा, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं खारीक. खारीकनं यंदा सातवीच्या मुलांना ‘नगरमाळ’ नावाचा खेळ शिकवला. हा बारीचा खेळ होता (म्हणजे एकानं आपली चाल पूर्ण करायची, मग दुसऱ्यानं, घाई नाही, विचाराला हवा तेवढा वेळ). प्रत्येकाला साठ बाऱ्या मिळायच्या. दर बारीला पाटात दहा घागरी पाणी यायचं. त्यातून नगरं वाढवायची, आणि शेवटी ज्याच्या नगरांत जास्त घरं, तो जिंकला.

बक्षीस मात्र साधंसुधं नव्हतं. चंद्रावर माणसांची पहिली वसाहत उभी राहत होती. तिथल्या पहिल्या पाटाला नाव देण्याचा मान या स्पर्धेच्या विजेत्याला मिळणार होता. ते नाव आपण द्यायचं, असं शलाकानं मनाशी पक्कं केलं होतं. आपल्या एवढ्याशा गावाचं काहीतरी चंद्रावर जावं, या कल्पनेनं तिला धड जेवण जात नव्हतं. शाळेतून तिचीच निवड झाली होती आणि अंतिम सामना परवावर आला होता.

त्या संध्याकाळी ती ओसरीवर पाटी-संगणक घेऊन बसली. जगभरातल्या खेळाडूंचे सल्ले तिनं वाचून काढले. कोणी म्हणे भव्य राजवाडा बांधा, कोणी म्हणे उंच तट बांधा. सराव करताना अडतिसाव्या बारीला तिचं शेवटचं नगर फुटून निघालं (सलग तीन बाऱ्या पाणी नाही आणि कोठारही रिकामं, तर नगर आपल्याला सोडून जातं, असा खेळाचा नियम होता).

“झिपरी उपाशी मेली!” ती ओरडली.

हे ऐकून यादवआबा, म्हणजे तिचे आजोबा, धोतर सावरत गोठ्याकडे धावले. क्षणभरानं परत आले ते चिडूनच.

“अगं पोरी, झिपरी तर मजेत चारा खातेय! कशाला म्हाताऱ्याला पळवतेस?”

शलाकाला हसू आवरेना. तिनं खेळातल्या नगरांना घरच्या शेळ्यांची नावं दिली होती. राजधानी ढवळी, मग तांबी, मग काळी, आणि टोकाचं सर्वांत लहान नगर म्हणजे झिपरी.

आबा तिच्याशेजारी टेकले. चाळीस वर्षं ते गावचे पाटकरी होते (पाटाचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, हे पाहणारा माणूस). खेळ त्यांनी दोन मिनिटं पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“पाणी तू तोंडाकडून सोडतेस?”

“मग काय करू? राजधानी मोठी आहे. तिला जास्त लागतं.”

“लागतं, की सवय झालीय?” आबांनी विचारलं. “जा, चार पेले आण. आणि तांब्या भरून पाणी.”

शलाकाला खरं तर कंटाळा आला होता. उद्याचा एकच दिवस उरला होता आणि आबा पेले मागत होते! पण आबांना नाही म्हणायची घरात कोणाची टाप नव्हती. आबांनी सांगितलं तसे तिनं पेले ओळीनं मांडले. पहिला काठोकाठ भरलेला, दोन अर्धे, शेवटचा कोरडा.

“आता पहिल्यात ओत.”

तिनं ओतलं. पाणी पेल्यावरून वाहून ओसरीच्या फरशीवर गेलं.

“आता शेवटच्यात तेवढंच ओत.”

शेवटचा पेला पाव भरला.

“पाणी तेवढंच होतं ना?” आबा म्हणाले. “मग एकीकडे वाया का गेलं आणि दुसरीकडे कामी का आलं?”

शलाकानं पेले बाजूला सारून पाटी-संगणक पुढे ओढला. मग तिनं घाईघाईनं खेळातले आकडे काढले. ढवळीत एक नवं घर वाढायला तीन घागरी लागत होत्या, कारण तिथलं कोठार आधीच भरलेलं होतं. झिपरीत एकाच घागरीला एक घर वाढत होतं. पोट भरलेल्याला चौथी भाकरी वाढली, तर त्याला पहिल्या भाकरीइतकं सुख होत नाही, तसंच हे. याला घटता लाभ म्हणतात (तीच गोष्ट वाढवत गेलं, की दर वेळी आधीपेक्षा कमी फायदा मिळणं).

“आणि आबा, हे बघा!” तिचा आवाज चढला. “प्रत्येक घर दर बारीला एक वीट देतं. झिपरीत पाचव्या बारीला घर झालं, तर ते उरलेल्या पंचावन्न बाऱ्या विटा देणार. पन्नासाव्या बारीला झालं, तर फक्त दहा! त्या विटांतून आणखी घरं, त्या घरांतून आणखी विटा...”

“म्हणजे लवकर लावलेलं झाड.”

“चक्रवाढ!” शलाका म्हणाली (वाढीतून पुन्हा वाढ होत जाणं, आणि म्हणून सुरुवात लवकर करणं).

“ते तुझं शास्त्र,” आबा मिशीत हसले. “आमचा कायदा साधा होता. पाणी शेपटाकडून सोडायचं. शेवटच्या शेताला आधी. तोंडाशी बसलेल्याचं शेत ओलं असतं, तो थांबू शकतो. आणि आपली बारी मागून येणार म्हटल्यावर तोच पाटावर लक्ष ठेवतो, की पाणी मध्ये कुठं फुटत तर नाही ना.”

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. सगळं जग धुंडाळून झालं होतं आणि उत्तर मात्र घरच्या ओसरीवर मिशीला पीळ देत बसलं होतं. शलाकाला स्वतःचा जरा रागच आला.

अंतिम सामना धुळ्याच्या एका मोठ्या सभागृहात होता. आबा नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. पंच म्हणून खारीकच होता. समोर ओजस नावाचा हुशार मुलगा होता. त्यानं पहिल्या दहा बाऱ्यांतच असा देखणा राजवाडा उभा केला, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. शलाकाची ढवळी त्यापुढे अगदीच बापुडवाणी दिसत होती. ती निमूटपणे झिपरीला पाणी देत राहिली, मग काळीला, मग तांबीला. ढवळीला सर्वांत शेवटी.

बाराव्या बारीला तिनं खारीकला हुकूम दिला, “झिपरीत एक फड काढ.”

पांझरेकाठी फड म्हणजे पाटाच्या पाण्यावर एकत्र भिजणारा शेतांचा पट्टा. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण खारीकचा शब्दकोश पडला शहरातला! पडद्यावर झिपरीच्या मधोमध रंगीत तंबू उभा राहिला आणि ढोलकी कडाडली. चक्क तमाशाचा फड! सभागृह हसून लोटपोट झालं. शलाकाचा चेहरा पडला, कारण त्या तंबूत तिच्या साठवलेल्या सगळ्या विटा गेल्या होत्या.

“हुकूम मागे घेता येत नाही,” खारीक ओशाळून म्हणाला. “मला तुमचा अर्थ ठाऊक नव्हता. आता टिपून ठेवतो.”

तिनं आबांकडे पाहिलं. आबा सर्वांत मोठ्यानं हसत होते! मग तिलाही हसू फुटलं. गंमत म्हणजे, ढोलकी ऐकायला आसपासची माणसं आली आणि पुढच्याच बारीला त्यांतली दोन घरं झिपरीत कायमची राहिली. नगराला पाणी लागतं तशी करमणूकही लागते, हा धडा तिला चुकून मिळाला.

चाळिसाव्या बारीला दुष्काळ पडला. सलग पाच बाऱ्या दहाच्या जागी चारच घागरी आल्या. ओजसचा राजवाडा दर बारीला तीन घागरी एकटाच पिऊन गेला. आधी त्याचं टोकाचं नगर फुटून निघालं, पाठोपाठ त्याच्या अलीकडचं. शलाकाची ढवळी मात्र भरल्या कोठारावर थांबली, आणि चारही घागरी मागच्या तिघींनी पुरवून पुरवून वापरल्या. एकही नगर तिला सोडून गेलं नाही.

साठावी बारी संपली. खारीकनं घरं मोजली. ओजसची चौऱ्याऐंशी, शलाकाची एक्क्याण्णव.

ओजसनं स्वतः येऊन तिचा हात हातात घेतला. “तू राजधानीला शेवटी ठेवलंस,” तो म्हणाला. “कोणत्या पुस्तकात आहे हे?”

“पुस्तकात नाही,” शलाका म्हणाली आणि तिनं पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. “ते आमचे आबा. पाटकरी आहेत.” हे सांगताना तिचा ऊर अभिमानानं भरून आला होता.

चंद्रवसाहतीच्या अधिकारी बाई नाव लिहून घ्यायला पुढे आल्या.

“पाटाचं नाव यादव पाटकरी,” शलाका ठामपणे म्हणाली. “आणि पाट जिथं संपेल, तिथं एक पाटी लावायची. तिच्यावर लिहायचं, पाणी आधी इथे.”

बाईंनी दोन्ही ओळी लिहिल्या. खाली बोट फिरवून पुन्हा वाचल्या आणि म्हणाल्या, “पाटी नक्की लागेल. आणि पाणीही तसंच सुटेल.”

आबा टोपी काढून उगाच झटकत होते. डोळे पुसायचे आणि कोणाला कळू द्यायचं नाही, याची ती त्यांची जुनी रीत.

परतीच्या वाटेवर त्यांनी हळूच विचारलं, “चंद्रावर त्या पाटाच्या शेवटच्या घरात कोण राहायला जाणार गं?”

“मी, आबा. मोठी झाले की.”

आबांनी मान डोलावली. “मग मला घोर नाही,” ते म्हणाले. “पाणी आधी तुलाच मिळेल.”