साखळ्या देवघरात होत्या

दमलोय, म्हणून सावकाश सांगतो. शहाण्णव सालची गोष्ट. तंजावरात माझा जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा होता. जनरेटर दोन चाकांच्या लहान ट्रेलरवर बसवलेला, तो जीपच्या मागे जोडायचा. जोडणीला एक जाड पिन, आणि पिन तुटलीच तर ट्रेलर सुटू नये म्हणून खालून दोन साखळ्या, एकमेकींवर फुली करून. ते काम माझा मेहुणा रघुपती करायचा, ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी. हुकांची तोंडं नेहमी वर. मग मोपेडवर केबल लादून ट्रेलरच्या मागून यायचा.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, हत्यारं पूजेला लावतात. जीपला हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं की ती मोकळी. पण साखळ्या आम्ही देवघरात मांडायचो, आणि तिथल्या वस्तूला दुसऱ्या सकाळच्या पूजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पंच्याण्णवच्या नवमीला तातडीचं बोलावणं आलं, तेव्हा रघुपतीने विचारलं होतं, "भावजी, साखळ्या काढूं?"

"पूजेतल्या?" मी खेकसलो. "जवळच जायचंय. चल."

पुलाच्या चढावर पिन तुटली. ट्रेलर मागे घसरला आणि रघुपती त्याखाली गेला. चूक माझी होती. माझ्या बायकोचा, मंगलाचा, भाऊ गेला, पण तिने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

वर्षाने पुन्हा नवमी. दुपारी चारला तिरुवैयारुच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. वीज गेलेली, बाई टेबलावर. केबल घेऊन मागून यायला आता कॉलेजात जाणारी माझी लावण्या होती. या वेळी देव कोपला तरी कोपो, साखळ्या उचलायच्याच, असं ठरवून उठलो. तेवढ्यात ती अंगणातून ओरडली, "अप्पा, साखळ्या लावून झाल्या की! सीक्रम, लवकर चला."

वाकून पाहिलं. फुली बरोबर, हुकांची तोंडं वर. कड्यांवरचं कुंकू ओलं होतं. मंगलाने काढून दिल्या, लावण्याने लावल्या असतील असं समजलो आणि निघालो.

ऊन उतरत होतं. भाताच्या शेतांवर वाऱ्याचं नाव नव्हतं. डिझेलच्या वासात चंदनाचा वास मिसळला होता, तो काही केल्या जाईना. पुलाच्या चढावर मागे खण्णकन आवाज झाला. पिन! आरशात लावण्या ट्रेलरच्या अगदी जवळ दिसत होती... पण ट्रेलर सुटला नाही. जीप मात्र जड झाली, आणि ओझं उचलताना माणूस कण्हतो तसं काहीतरी मागे कण्हत राहिलं. साखळ्यांनी धरलं, साखळ्यांनी धरलं, असं पुटपुटत मी रडत होतो.

आवारात पोचल्यावर मी जीपच्या मागे गेलो. पिन तुटलेली होती. साखळ्या नव्हत्या.

"अप्पा..." लावण्या अगदी हळू म्हणाली. "दांडा खालीं कां पडत नाहीं?"

ट्रेलरचा पुढचा लोखंडी दांडा कशालाच जोडलेला नव्हता. खाली टेकूही नव्हता. तरी तो कमरेइतक्या उंचीवर तसाच थांबला होता. त्यावर दोन पंजांचे ठसे होते, काळ्या ग्रीसचे.

कसाबसा जनरेटर सुरू केला. थोड्या वेळाने आत बाळ रडलं. मग तिथल्याच फोनवरून मंगलाला विचारलं.

"साखळ्या? फुलांखालीं आहेत," ती म्हणाली. "कोणी हात लावला नाहीं."

वीज आल्यावर ट्रेलर तिथेच सोडून लावण्याला जीपमध्ये बसवून घरी आणलं. ट्रेलर न्यायला पुन्हा गेलो नाही; इतकी वर्षं तो त्याच आवारात आहे, कुणी हात लावत नाही. आज ना उद्या धरणाऱ्याचे हात भरून येणारच. ते मोकळे झाले की तो काय करील, या विचाराने मला झोप येत नाही.

गेल्या आठवड्यात लांबूनच पाहून आलो. दांडा वीतभर खाली आलाय. ठसे अजून ओले चमकतात.